रंगवलेल्या माठांची पाणपोई

एप्रिल लागला की अमरावतीत आमच्या विहारासमोर, ऑटो स्टँडच्या कडेला, पाणपोई बसते. चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी ती सुरू होते आणि पाऊस येईपर्यंत चालते. गेल्या वर्षी महिला मंडळाने ती माझ्याकडे सोपवली, कारण मला याद्या करायची सवय आहे आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माठ, झाकणे, लांब दांड्याचे ओगराळे, माठाखाली घालायची वाळू, पाणी भरायच्या पाळ्या, सगळे लिहून झाले. माठ मी माहेरून, अकोल्याच्या जुन्या शहरातून आणले. एसटीत तीन मोठे माठ घेऊन चढलेल्या बाईला कोणी जागा देत नाही. माठांना मात्र देतात.

रंग माझ्या यादीत नव्हता. तो माझ्या मुलीने आणला.

जयंतीला विहारात मुले भाषणे देतात, नाचतात, गाणी म्हणतात. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती आणि चारचौघांत तिचे तोंड उघडत नसे. दरवर्षी ती मागच्या रांगेत बसून इतरांच्या चपला सांभाळायची. गेल्या वर्षी पहिल्यांदा ती स्वतःहून म्हणाली, "आई, माठ मी रंगवू?" मी लगेच हो म्हटले. दोन माठांवर तिने निळा ऑइलपेंट दिला, त्यावर पांढरी पिंपळपाने काढली, प्रत्येक पानाच्या शिरांसकट. तिसऱ्या माठापर्यंत डबा संपला. तो तसाच लाल राहिला आणि आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसला.

जयंतीच्या आधीच्या रविवारी मी तालीम म्हणून रंगवलेले दोन्ही माठ विहारासमोर मांडले. काही चुकणार असेल तर ते आधी चुकावे, असा माझा नियम आहे. लोक थांबून पाने बघत होते. मुलगी विहाराच्या पायरीवर बसून लोकांकडे बघत होती. दुपारी एक ऑटोवाला आला, ग्लासभर पाणी प्याला आणि त्याने तोंड पुसले.

"ताई, माठ तं झकास दिसून राह्यला. पण पाणी चहाले काढलं का?"

स्टँडवर हशा पिकला. मी प्याले. पाणी कोमटच होते.

मंडळाच्या अध्यक्षबाई, ज्यांना आम्ही सगळ्याच मावशी म्हणतो, त्यांनी माठावर हात ठेवला. "नवा हाय. दोन दिवस भरू दे, मंग गार होईल."

"पण घरचा लाल माठबी नवाच आहे," मी म्हटले. "त्याचं पाणी दात शिवशिवेल इतकं गार आहे."

"तो घरात आहे, सावलीत," मुलगी पायरीवरून म्हणाली. "हे बाहेर आहेत. असं कसं मोजता तुम्ही?"

तिचा आक्षेप बरोबर होता, हे मान्य करावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा करून आल्यावर तिने लाल माठ उचलून आणायला लावला. एक रंगवलेला, एक लाल, दोन्ही विहाराच्या एकाच भिंतीला, एकाच सावलीत. एकाच नळाचे, तितकेच पाणी. सारखी वाळू, सारखी झाकणे. आपला माठ जिंकावा म्हणून तिने ही सगळी समानता राखली होती, आणि मला ते दिसत होते. मी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आणला.

"आई, माठाले ताप नाही आला. अन् हा पस्तीसच्या खाली दाखवतच नाही."

मग तिने दुसरा उपाय काढला. उन्हे कलल्यावर दोन सारख्या स्टीलच्या ग्लासांत पाणी घेतले आणि कोणते कुठले हे न सांगता स्टँडवर फिरली. जी मुलगी पाहुण्यांसमोर आतल्या खोलीत जाते, ती ऑटोवाल्यांना एकेक करून विचारत होती, यातलं जास्त गार कोणतं. बाकी सगळ्यांनी एकच ग्लास दाखवला. चहाचा टोमणा मारणारा मात्र तिचे तोंड बघून म्हणाला, "पोरी, दोन्हीबी गारच हाय."

"काका, खरं सांगा."

त्याने लाल माठाचा ग्लास पुढे केला.

ती परत आली आणि दोन्ही माठांवर दोन तळवे ठेवून उभी राहिली. लाल माठावरचा तळवा ओला झाला. निळ्यावरचा कोरडा.

"बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता द्रव स्वतःमधूनच घेतो," ती पुस्तकातल्यासारखे म्हणाली. या उत्तराला तिला चाचणीत पूर्ण गुण होते. "याच्यातून पाणी झिरपते, वाऱ्याने उडते, जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. अन् त्या निळ्याची मी सगळी छिद्रं बुजवली."

मावशींनी तोडगा सुचवला. "ओलं गोणपाट गुंडाळ ना त्याले. गोणपाट वाळत जाईन, माठ गार होईन."

"मंग पानं दिसतील का?"

"नाई."

"मंग रंगवले कशाले?"

मी ग्लास विसळायला घेतले. निळे माठ तिचे होते, त्यांचे काय करायचे ते तिनेच सांगायला हवे होते. संध्याकाळी तिने सांगितले, "हे दोन काढून टाक. नवे आण."

मी मंगळवारी अकोल्याला गेले आणि दोन लाल माठ घेऊन आले. या खेपेला एसटीतल्या कंडक्टरने विचारले, काहून हो बाई, दुकान टाकलं का. इकडे मुलगी गेरू आणि चुना घेऊन बसली होती. आधी तिने एका फुटक्या खापरीवर चुन्याचे पान काढले, सुकू दिले, मागून पाणी लावले आणि थांबली. चुन्याच्या पानावर ओल आली. मग तिने माठ हातात घेतले.

जयंतीच्या सकाळी पिंपळपाने पांढरी शुभ्र होती. पाणी गार होते. दुपारपर्यंत झिरपून झिरपून चुना ओघळला आणि पानांच्या शिरा गेल्या. मला वाईट वाटले. मुलीने जवळ जाऊन माठावर हात फिरवला, तळवा बघितला आणि रांगेतल्या माणसाला ओगराळे दिले.

निळे माठ मावशींनी नेले. एकात ज्वारी आहे, एकात तूरडाळ, आणि ओल लागत नाही म्हणून त्या खुशीत आहेत.

पाने मुलगी रोज सकाळी नव्याने काढायची. मे महिन्यात आम्ही कौंडण्यपूरला पाहुण्यांकडे गेलो तेव्हा तेवढा खंड पडला. परतलो त्या दिवशी तो ऑटोवाला रस्त्यातच थांबला.

"पोरी, पानं कुठं गेली? लोकं विचारून राह्यले."

"काका, पाणी गार हाय का?"

"हाय ना."

"मंग उद्या काढते," ती म्हणाली, आणि चुना भिजवायला घरात गेली.