दुसऱ्या भागात रेघा नव्हत्या

युनूस पिंजारी. या लिखाणात पहिलं नाव त्याचंच यायला हवं. नंदुरबारला त्याचं गाद्या भरायचं दुकान आहे. प्रकाशा या आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो वडिलांच्या धंद्यात गेला, मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि शिक्षक लागलो. माझा डावा डोळा आज शाबूत आहे तो त्याच्यामुळे.

"रेटिनल डिटॅचमेंट," नंदुरबारच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला नाजूक थर. आपल्याला दिसणारं चित्र त्यावर उमटतं. माझा तो थर फाटून जागेवरून सुटत चालला होता. "मधला भाग अजून चिकटलेला आहे. तोही सुटला, तर ऑपरेशननंतरही पहिल्यासारखं दिसेल याची खात्री नाही. आजच सुरतला निघा."

मला काहीच दुखत नव्हतं. हा आजार दुखत नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

तासाभरापूर्वी युनूस आणि मी थेटरात दुपारच्या खेळाला बसलो होतो. खजिना शोधणाऱ्या धाडसी माणसाचा सिनेमा, भाग दोन. पहिल्या भागाची गोष्ट मूकपटांच्या काळात घडते, म्हणून तो काढलाही होता मूकपटासारखाच. पडद्यावर पांढऱ्या रेघा, ठिपके, थरथरता उजेड. प्रसंग संपला की चारी बाजूंनी काळं येऊन चित्र मिटायचं. दुसऱ्या भागात त्या माणसाचा नातू होता आणि काळ सत्तरच्या दशकाचा. मग सिनेमाही तसाच झाला होता. रंगीत दिव्यांचा स्मगलरचा अड्डा, मोठ्या कॉलरचे शर्ट, व्हिलन हसला की कॅमेरा धाडकन त्याच्या दातांवर.

मला मात्र रेघा दिसतच होत्या. ठिपके तरंगत होते, कडेला वीज चमकत होती आणि एका कोपऱ्यातून काळं वर चढत होतं.

इंटरव्हलला मी तोऱ्यात सांगितलं, "दिग्दर्शकाने जुन्या रेघा इथेही ठेवल्यात. आजोबांची आठवण म्हणून."

युनूसचा चहाचा कप हातातच राहिला. "कोठल्या रेघा? त्या पयला भागमा व्हत्यात. तो जुना जमाना व्हता. आते रंगीत जमाना शे, रेघा कसाले राहतीन?"

"तुझं लक्ष नव्हतं."

"मास्तर, तू बी.ए. शे, पन तिकीट मी बी काढेल शे."

मग तो हसायचा थांबला. दाभणात दोरा ओवताना तो एक डोळा मिटतो. तसा मीट म्हणाला. डावा मिटला तर समोरचं पोस्टर स्वच्छ दिसलं. उजवा मिटला आणि पोस्टरवरच्या नायकाचे पाय काळ्यात बुडाले. सिनेमा बंद होता, तरी रेघा भिंतीवर हलत होत्या.

"चाल," युनूस म्हणाला, "ऱ्हाऊ दे सिनेमा."

मॅडम घरी निघाल्या होत्या. युनूसने त्यांना दवाखान्याच्या दारातच गाठलं.

सुरतला विट्रेक्टॉमी झाली. यात डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढतात, सुटलेला थर बसवतात, लेसरने चिकटवतात आणि आत गॅसचा बुडबुडा सोडतात. "हा बुडबुडा थराला दाबून धरतो," तिथले डॉक्टर म्हणाले. "गॅस वर जातो, म्हणून तुम्ही तोंड खाली ठेवायचं. रात्रंदिवस. अर्धं काम आमचं झालं, अर्धं तुमचं."

ते अर्धं काम फार जड होतं. मान भरून यायची, नाक दाबलं जायचं. आई म्हणे, "पालथा नको निजू रे भाऊ, चांगलं नही." भेटायला येणारे म्हणत, जरा तोंड तरी दाखव. मी एकदोनदा वळलोही.

ते युनूसला कळलं. त्याने तोंडाच्या जागी भोक ठेवून एक गादी शिवून आणली आणि मला त्याच्या घरी नेलं. रोज दुकान बंद करून तो गादीशेजारी बसे आणि इंटरव्हलनंतरचा सिनेमा सांगे. मी परत जाईसन दखी उनू, म्हणाला, म्हणजे एकटाच थेटरात जाऊन बघून आलो. सांगता सांगता ऐन संकटात थांबायचा. "हिरो दोरले लटकेल शे, खाले मगर शे. हालशी तर उद्या सांगाव नही." मगरीचं काय झालं ते कळावं म्हणून मी पालथा पडून राहिलो.

बुडबुडा विरत गेला तसं वरून दिसू लागलं, पाण्याची पातळी उतरावी तसं. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "चिकटला. छान चिकटला."

डोळ्यासमोर अचानक नवे ठिपके आले, वीज चमकली, काळं सरकलं, तर एकेक डोळा मिटून बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मी हे थकवा समजलो होतो, मग सिनेमा समजलो.

युनूसला मी पाठवलेलं पत्र:

प्रिय युनूस,

फोनवर आभाराचा शब्द काढला की तू फोन ठेवतोस, म्हणून कागद घेतला. दोन्ही डोळे उघडे ठेवून लिहितो आहे.

काल टीव्हीवर भाग दोन पूर्ण पाहिला. त्यात दोर नाही. मगर तर नाहीच. तू परत थेटरात गेलाच नव्हतास. लग्नसराईत दुकान सोडून जाणार तरी कसा? सगळं गाद्या शिवता शिवता रचलंस.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. शेवटी तू म्हणालास, चारी बाजूंनी काळं येऊन चित्र मिटलं. रंगीत जमान्यात? पहिल्या भागाचा शेवट दुसऱ्याला टाचलास.

खरा शेवट असा आहे. नायक जीपमधून निघतो, कॅमेरा लांब लांब जातो आणि भर उन्हात सगळा डोंगर दिसत राहतो. मी टक लावून पाहिलं. एकही रेघ नव्हती.

तरी तुझी मगर जास्त चांगली होती.

तिसरा भाग येतो आहे म्हणे. जाऊ. तू माझ्या डाव्या बाजूला बस.

तुझा,
मास्तर