बोहनीचा चेक

दिवसाचा पहिला पैसा ते कूलरवाले हातात घेत नसत. पत्रा कापायची लांब कात्री मिटवून आडवी धरत आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडले की म्हणत, "ठेवा जी हिच्यावर. मान हिचा आहे." नोट पात्यावर ठेवली की कात्रीसकट ती कपाळाला लावायची, कोनाड्यातल्या गणपतीपुढे न्यायची आणि मगच गल्ल्यात टाकायची. ही त्यांची बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती एकदा झाली की त्यांचा एकच कायदा लागू होई. "बोहनी वापस नाही होत."

नागपूरच्या सदर भागात मुख्य रस्त्यामागे एका गल्लीत त्यांचे कूलरचे दुकान होते. दुकान कसले, अर्धे शेड आणि अर्धी गल्ली. पुढे हे पत्रा ठोकत आणि मागे त्यांची बायको जाळीत खस, म्हणजे वाळा, भरत बसे. दोघेही विणकरांच्या घरातले. माग विकून या धंद्यात आले होते. तेव्हा नागपुरात कूलर घरोघरी झाला नव्हता. बहुतेक घरांत दाराला खसाची ताटी लावून तिच्यावर पाणी मारत. कूलरवाल्याचे वर्ष म्हणजे चैत्र ते मृग. तेवढ्यात जे कमवायचे ते कमवायचे, बाकीचे महिने लोकांच्या गळक्या टाक्यांना डाग द्यायचा.

त्यांच्या कायद्याची एक गोष्ट गल्लीत सगळे सांगत. एका प्राध्यापकांनी सकाळी सकाळी कूलर नेला आणि तो त्यांच्या खिडकीत चार बोटे मोठा झाला. दुपारी ते बदलून मागायला आले. ही तर सकाळची बोहनी, ती परत कशी घेणार? मग हे कात्री आणि हातोडा घेऊन सायकलवर त्यांच्या घरी गेले आणि व्हरांड्यात बसून कूलरच चार बोटे कापून लहान केला. मजुरी घेतली नाही. पण कूलर दुकानात परत येऊ दिला नाही.

मी सरकारी कचेरीत हिशेब खात्यात होतो. शंभराच्या वरचा खर्च मी चेकने करीत असे. चेक दिला की पासबुकात नोंद होते आणि वर्षअखेर काही आठवावे लागत नाही. काही लोकांना हा शिष्टपणा वाटे. वाटो.

आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत नव्याने राहायला गेलो, तिथे झाडे नव्हती. घर तापायचे. त्या वर्षी गुढीपाडव्याला मी त्यांच्याकडून कूलर घेतला. साडेचारशे रुपये ठरले. त्यांच्या हंगामाचा तो पहिला कूलर. मी चेक फाडून पुढे केला तेव्हा ते जरा थांबले. त्यांचे बँकेत खाते होते, पण चेकने बोहनी कधी झाली नव्हती. त्यांनी मागे बायकोकडे पाहिले. "सरकारी माणूस आहे," ती खस न सोडता म्हणाली. "खोटा कायले देईन?" तेवढ्यावर कात्री पुढे आली आणि मी चेक पात्यावर ठेवला. मग मी हातगाडीवाल्याशी भाव करायला बाहेर गेलो. आत काय झाले ते मी पाहिले नाही.

कूलर उत्तम निघाला. जोडणी करायला ते स्वतः घरी आले, पाणी सोडले, आणि ओला तळहात वाळेपर्यंत हवेसमोर धरला. मग एकदा मुंडी हलवली आणि गेले.

साधारण पंधरवड्याने एका संध्याकाळी ते दारात उभे राहिले. हातात माझा चेक होता, पण मला तो आधी ओळखूच आला नाही. मधोमध तेलात कालवलेल्या कुंकवाचा अंगठा, त्याच्या भोवती हळद, आणि तेल पसरून रक्कम अक्षरी आणि आकडी दोन्ही तांबड्या धुक्यात गेलेली. हंगामाची बोहनी म्हणून तो त्यांनी गणपतीपुढे पुजला होता. पत्र्याला पैसे लागले तेव्हा बँकेत नेला. काउंटरवरच्या माणसाने तो उजेडाकडे धरला आणि विचारले, कोणाच्या लग्नाची पत्रिका आहे? मग पार्टीकडून दुसरा आणा म्हणून परत दिला.

"दुसरा देऊन टाका जी," ते म्हणाले.

मी म्हणालो, देतो, हा परत करा.

त्यांनी चेक खिशात ठेवला. "हा कसा देऊ? हे त बोहनी आहे."

मी समजावून सांगितले. माझ्या सहीचा चेक बाहेर असताना मी त्याच रकमेचा दुसरा देणार नाही, रोखही नाही. सहा महिने तो जिवंत असतो. आज एका काउंटरवर नाकारला, उद्या दुसऱ्याने पास केला तर? त्यांनाही माझे म्हणणे पटत होते, हे मला दिसत होते. पण माझे पटले म्हणून त्यांचे खोटे ठरत नव्हते.

मी म्हणालो, मग कूलर घेऊन जा. ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी काही अभद्र बोललो. "तो बी बोहनीचाच आहे ना, भाऊसाहेब."

म्हणजे पाहा, चेक परत देता येत नाही, कूलर परत घेता येत नाही, आणि पैसे मिळत नाहीत. माझी बायको चहा घेऊन आली तो त्यांनी घेतला नाही. जाताना एवढेच सांगितले की इतवारीतला पत्र्याचा व्यापारी रोख मागतो, आणि सोमवारी त्याने माल दुसऱ्याला दिला तर यंदाचा हंगाम गेला. पुढच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. शेडमध्ये पत्रा नव्हता.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. मी चेकबुक घेऊन त्यांच्या दुकानी गेलो. दुकान शांत होते. पत्रा ठोकायचा आवाज नसला की ती गल्ली ओळखू येत नसे. शेजारी सायकल दुरुस्तीवाला बसला होता, त्याला सगळे कळले होते. तो चाक फिरवता फिरवता म्हणाला, "काहून गा, आज पूजा नाही? साहेब आले, त्याह्यलेच कुंकू लाव."

हे हसले नाहीत.

मी एक मार्ग शोधून आणला होता. बँकेला पत्र द्यायचे की अमुक चेकचे पैसे देऊ नका. मग तो कागद त्यांनी खुशाल ठेवावा. पत्र मी लिहूनच नेले होते. त्यांनी ते वाचायला सांगितले, डोळे मिटून ऐकले आणि नकारार्थी मान हलवली. हंगामाच्या बोहनीचे पैसे देऊ नका असे कोणी लिहून द्यायचे आणि आपण तिच्यापुढे दिवा लावायचा, हे त्यांना जमणार नव्हते. "माह्या हातानं माह्या हंगामाले कुलूप लावून राहिलो, असं होइन ना."

मी पत्र घडी करून ठेवले. रागावलो होतो हे खरे, पण आवाज चढवला नाही. त्यांची बायको मागून म्हणाली, "सोमवारी पत्रा नाही आला त मी खस कोणाच्या जाळीत भरू?"  सायकलवाल्याचे चाक थांबले.

त्यांनी खिशातून तो चेक काढला. मग विचारले, "तुमाले भेव कायचं आहे, भाऊसाहेब? नीट सांगा."

"माझ्या सहीचं."

"बाकीच्या कागदाचं?"

"बाकीच्या कागदाचं भय नाही."

त्यांनी कात्री घेतली. धोतराच्या सोग्याने दोन्ही पाती पुसली. चेक मांडीवर नव्हे, पाटावर ठेवला आणि उजवीकडचा खालचा कोपरा, जिथे माझी सही होती तेवढाच, एका चापात सरळ कापला. कुंकवाला पाते लागले नाही. तो तुकडा कात्रीच्या टोकावर घेऊन माझ्यापुढे धरला.

"हे तुमचं. ते माहं."

मी तुकडा उलटसुलट पाहिला. सही पूर्ण आली होती, एक रेघही मागे राहिली नव्हती. सहीशिवाय चेक म्हणजे छापील कागद. माझा प्रश्न सुटला होता, आणि त्यांची बोहनी त्यांच्याच घरी होती. मी सायकलवाल्याकडून पंक्चरचे सोल्यूशन मागून घेतले, तो तुकडा चेकबुकातल्या त्याच चेकच्या स्थळप्रतीवर चिकटवला आणि दुसरा चेक लिहिला.

हा त्यांनी साधा हातात घेतला. मी कात्रीकडे पाहिले तेव्हा म्हणाले, "हे बोहनी नाही जी. हे पैसे आहेत."

मी पावती मागितली. त्यांनी वाकड्या अक्षरात सही केली आणि कागद देताना म्हणाले, "आता माही सही बी कापून घ्या, मंग दोघं सारखे."

पुढे मी हे बँकेतल्या एका परिचिताला सांगितले. तो म्हणाला, कशाला एवढे? पत्र दिले असते तर काम झाले असते. काम झाले असते हे मलाही ठाऊक होते.

सोमवारी सकाळी चेक वटला आणि पत्रा वेळेवर आला. ती कोपरा नसलेली बोहनी त्यांनी काच लावून गणपतीशेजारी टांगली. त्यानंतर दर पाडव्याला मी त्यांचे पहिले गिऱ्हाईक. कूलर काही दरवर्षी लागत नाही, पण खस बदलावा लागतो, कधी मोटर. मी चेक देई. रक्कम शंभराच्या खाली असली तरी देई. माझ्या नियमाला तेवढा अपवाद. ते कात्री आडवी धरत, चेक तिच्यावर ठेवला की कुंकू मात्र कात्रीच्या मुठीला लावत, आणि कपाळाला नेण्याआधी डोळे बारीक करून विचारत, "सही घरी त नाही ना ठेवली, भाऊसाहेब?" सायकलवाला दर वर्षी हसे.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याशी वाद घालावा लागतो तेव्हा डोके उठते, आणि नंतर वर्षातून एक दिवस त्याच्याकडे जायचे म्हणून आपण शर्ट बदलतो.

एका हिवाळ्यात ते गेले. मला उशिरा कळले. मुले नव्हती. मला वाटले, दुकान बंद झाले असेल. तरी पाडव्याला गेलो. शेड उघडे होते, दोन कारागीर रिकामे बसले होते आणि त्यांची बायको मागे खसाच्या ढिगापाशी होती. कपाळ मोकळे. ऑर्डरी आल्या होत्या, पण तिने एकही पैसा घेतला नव्हता. पहिला पैसा कोणी घ्यायचा हेच अडले होते.

मी खसाचे पैसे म्हणून चेक काढला.

"दुसऱ्या कोणाच्या हातानं बोहनी करा जी," ती म्हणाली. "माह्यासारखीनं हंगाम कसा उघडावा?"

मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केले. "कात्री तर तीच आहे ना? मान तिचाच होता."

ती खिळ्यापाशी गेली. मग कात्री काढली, पदराने पुसली आणि आडवी धरली. एका हातात पेलेना, म्हणून दोन्ही हातांनी धरली. मी चेक पात्यावर ठेवला. ती तो कपाळाकडे नेईना. मला वाटले, कुंकवासाठी अडली.

"ते असते त आता काही इचारलं असतं," ती म्हणाली.

"मग विचारा."

कारागीर उठून उभे राहिले होते. तिने चेकच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिले.

"सही घरी त नाही ना ठेवली, भाऊसाहेब?"

"नाही. आहे तिथेच आहे."

तेव्हा तिने कात्री कपाळाला लावली.