यंदा मुऱ्हाळी कोण

आखाजीच्या दिवशी सकाळीच मी बॅग भरून दाराशी ठेवली आणि कुणी न्यायला येतंय का, याची वाट बघू लागले. बसवत नव्हतं. ओट्यापाशी जायचं, दूध उतू जाणार नाही ना बघायचं, तिथून खिडकीशी, खिडकीतून रस्ता, परत ओटा. बॅगेतली साडी काढून दुसरी ठेवली, मग तीही काढून पहिलीच परत ठेवली. आमचे हे कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात जायला निघाले होते. चप्पल घालता घालता म्हणाले, "फोन लाव ना मंग."

फोन लावायचा नसतो, हे ह्यांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही. म्हणजे कळलेलं आहे, पण पुरुषांना असल्या गोष्टी कळून न कळल्यासारखं करायची सवय असते.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. दिवाळी चुकली तर चालेल, आखाजी नाही. झाडाला झोके बांधतात, आमरस असतो, खापरावरचे मांडे असतात, गौराईची गाणी असतात. पण लेकीनं आपली आपण उठून माहेरी जायचं नाही. माहेराहून माणूस न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो आला की सासरच्यांनी त्याला गोडाधोडाचं जेवू घालायचं आणि लेकीनं त्याच्या मागे निघायचं. 'मला न्यायला या' असं म्हणणं म्हणजे जेवणाचं आमंत्रण मागून घेतल्यासारखं. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं वडील आले. मग धाकट्या भावाला मोटरसायकल आली तसा तो येऊ लागला, तापीकाठच्या आमच्या गावाहून थेट नवापूरपर्यंत, केसांत धूळ घेऊन. तो अमेरिकेला गेल्यावर चुलतभाऊ येई. मी आता शाळेत मोठ्या वर्गांना शिकवते, माझे गुडघे दुखतात, तरी आखाजीच्या आधी आठवडाभर मला भूक लागत नाही.

यंदा कुणी येणार नव्हतं, अशी मला भीती होती, आणि का येणार नाही तेही मला माहीत होतं. मी शेत घेतलं होतं.

खरं सांगायचं तर मी घेतलं नव्हतं, कायद्यानं ते माझ्या गळ्यात घातलं. पण गावाला एवढा बारकावा कोण समजावणार.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली, आई, भाऊ आणि मी. आमच्यात रीत अशी की वर्षश्राद्ध झालं की बहिणीनं हक्कसोड करून द्यायचं. शहाद्याला जायचं, सही करायची, आपला वाटा भावाच्या नावानं सोडून द्यायचा आणि हॉटेलात सगळ्यांनी मिळून भजी खायची. त्याच्या बदल्यात भावानं जन्मभर बहिणीला आखाजीला आणायचं, साडीचोळी करायची, भाच्यांच्या लग्नात उभं राहायचं. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं. जी बहीण सही करत नाही तिचं माहेर तुटतं. आमच्या गल्लीतल्या एकीचं असं तुटलेलं मी पाहिलं आहे. वाटा मिळाला, बागायती मिळाली, पण भावाच्या पोरीच्या लग्नात ती मांडवाच्या कडेला परक्यासारखी बसली होती. शाळेत मी मुलींना समान हक्क शिकवते, पण घरी मला केळीची बाग नको होती, आखाजी हवी होती. ह्यात मला लाजही वाटत नाही. ज्याला माहेर नाही त्याला ते काय असतं ते सांगून कळत नाही.

तर सही करायची ठरली होती, पण भाऊ येईना. कधी सुट्टी नाही, कधी मुलांच्या शाळा. आणि मध्येच एके दिवशी घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, कोट घातलेला, हातात कागदी झेंडा. तो तिकडचा नागरिक झाला होता. गावानं काय करावं? चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावला. खाली 'समस्त ग्रामस्थांतर्फे हार्दिक अभिनंदन'. आणि हीच फ्लेक्स लावणारी मंडळी पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या वेळी आईकडे आली आणि भाऊ मतदानाला कधी येतोय म्हणून विचारू लागली. मी आईला फोनवर सांगितलं, अगं, त्याला आता मत देता येणार नाही, दिलं तर गुन्हा होईल. आई म्हणाली, "गावना पोऱ्या शे, मत कसं नही देवावं?" खरं म्हणजे मलाही तेव्हा त्याच्या मतापलीकडे काही सुचलं नव्हतं.

शेवटी तो थंडीत आला, सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत. पोरांना घोडे दाखवून झाले, जिलबी खाऊन झाली आणि आम्ही तिघं शहाद्याला वकीलबाईंकडे गेलो. सोमवार होता. त्यांच्या खोलीत पंख्याचा टकटक आवाज येत होता आणि मला कधी एकदा सही करून बाहेर पडते असं झालं होतं. मी पेन पर्समधून काढून हातात धरलंही होतं.

वकीलबाईंनी भावाला विचारलं, "पासपोर्ट कुठला?"

त्यानं सांगितलं. ओसीआय कार्डही दाखवलं, जरा ऐटीतच.

"हे कार्ड म्हणजे येण्या-जाण्याची, राहण्याची मुभा," त्या म्हणाल्या. "नागरिकत्व नाही. तिकडची शपथ घेतली त्या दिवशी इकडचं नागरिकत्व आपोआप संपलं. वडिलांकडून वारशानं आलेला वाटा तुम्ही ठेवू शकता. पण शेतजमीन नव्यानं विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही नाही. ताईंनी त्यांचा वाटा तुमच्या नावानं सोडला तर ते नव्यानं घेतल्यासारखं धरलं जाईल. मी असला कागद करणार नाही."

माझ्या हातातलं पेन हातातच राहिलं.

"मंग वावर कोन देखी?" आईनं विचारलं.

"उलटं करा," वकीलबाई म्हणाल्या. "यांनी ताईंच्या नावानं सोडावं. ताई इथल्या आहेत, शेतकऱ्याच्या वारस आहेत. आई, तुमचाही वाटा त्यांच्याकडे दिला तर पुढची सगळी कटकट मिटेल. पण तुमचा वाटा तुम्ही जिवंत असेपर्यंत सोडू नका, असा माझा सल्ला."

आई सल्ल्याकडे लक्ष देत नव्हती. तिला दुसरंच काही विचारायचं होतं. पदर सारखा करून ती म्हणाली, शेजारची एक बाई म्हणत होती की म्हाताऱ्या आईबापांना सांभाळण्याचा कायदा आहे, तो पोराला लागू होतो. मग तिकडे गेलेल्या पोराला होतो का?

वकीलबाई भावाकडे न बघता बोलल्या. भारताचा नागरिक परदेशात असेल तर त्याला तो कायदा लागू आहे. पण जो नागरिकच राहिला नाही त्याच्यापर्यंत तो पोचवणं फार अवघड. मुलगी मात्र लग्न झालेली असो वा नसो, मुलाइतकीच जबाबदार.

"म्हंजे मन्हा आंडोर मन्हा नही ऱ्हायना का?" आईनं विचारलं.

आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. वकीलबाईंना अहिराणी येत होती. त्या म्हणाल्या, "तुमचाच आहे, आई. फक्त इथला राहिलेला नाही."

भाऊ खाली मान घालून कार्ड परत पाकिटात घालत होता, ते काही केल्या खाचेत बसेना. तो वाईट मुलगा नाही. दर रविवारी न चुकता आईशी बोलतो, वडिलांच्या आजारपणात महिनाभर येऊन राहिला होता. पण त्याला झेंडा हातात घेताना कुणी सांगितलं नव्हतं की तिकडे हात वर केला की इकडे काय काय सुटतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. बाहेर आल्यावर रसवंतीपाशी उभं राहून तो मला म्हणाला, "ताई, तू ठेव सगळं. मी आते आठे पाव्हना शे."

मला त्याचा राग आला. इतकं सोपं कसं म्हणवलं त्याला? मी म्हटलं, "आणि मला न्यायला कोण येईल?" तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

तो जायच्या आधी कागद झाले. त्यानं त्याचा वाटा माझ्या नावानं सोडला. आईनं आपला ठेवला. भजी कुणी खाल्ली नाहीत. गावात आमच्या समोरच्या काकूनं ओट्यावरूनच मला ऐकवलं, "वावर लिधं ना बाई, आते माहेर कशाले लागस?" काकू टोचून बोलणारीच आहे, तिचं मनावर घ्यायचं नाही असं आईच नेहमी सांगते. पण तेव्हा आई तिथंच उभी होती आणि काहीच बोलली नाही. तेवढ्यानं माझं जे बिनसलं ते बिनसलं. पुढच्या सगळ्या महिन्यांत मी फोनवर आईशी औषधांचं बोलले, केळीच्या घडांचं बोलले, बटाईनं शेत करणाऱ्या चुलतभावाची विचारपूस केली. आखाजीचं ती बोलली नाही आणि मीही काढलं नाही.

आणि आता आखाजीचं ऊन डोक्यावर आलं होतं. नवापुरात आमच्या समोरच्या घरात मुऱ्हाळी येऊन, जेवून, बहिणीला घेऊन गेलासुद्धा. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग परत उघडला. दुपार कलल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. शेत तर शेत, ज्याच्यामुळे माहेर तुटलं ते शेत निदान डोळ्यांनी बघून येते, आणि आईला तोंडावर विचारते की तूसुद्धा काकूसारखीच का, असं मनाशी म्हणत मी गाडीची किल्ली घेतली. बॅग उचलायची म्हणून उचलली आणि मागच्या सीटवर फेकली. नंदुरबारपर्यंत मी आईशी भांडत गेले, एकटीच, मोठमोठ्यानं. प्रकाशा गावच्या पुलावर तापीला हात जोडायची आमची सवय, तेही केलं नाही.

गावात शिरले तर लिंबाला झोके होते, पोरी गात होत्या. मी कुणाकडे बघितलं नाही. घरासमोर गाडी थांबवली आणि दार उघडायच्या आधीच मला ओट्यावर आई दिसली. ती ठेवणीतली जांभळी साडी नेसून, डोईवर पदर घेऊन बसली होती. शेजारी वडिलांची जुनी कापडी पिशवी भरून, तोंडाला दोरी बांधून ठेवलेली.

मी खाली उतरले.

"कितली वाट देखाडी," आई रागानं म्हणाली. "मी सकाळपाईन बठेल शे."

"कुणाची वाट?"

"तुन्ही."

मी म्हटलं, अगं, मी तिकडे वाट बघत बसले होते, कुणीच न्यायला आलं नाही. चुलतभाऊसुद्धा आला नाही.

"त्याले मीच सांगं, औंदा जाऊ नको," ती म्हणाली, जसं काही हे लहान पोरालाही कळावं. "लेवाले घरना मालक जास. पह्यले तुन्हा बाप जाये, मंग भाऊ. आते घर तू देखस. मंग मालकीनले लेवाले कोन येई? मालकीनच मायले लेवाले येस."

ज्या रागाच्या भरात मी तापी ओलांडली होती तो कुठे ठेवावा ते कळेना. तिनं मला तोडलं नव्हतं. तिनं मला वडिलांच्या जागी बसवलं होतं, आणि मला ते सांगायचं तिला सुचलंही नव्हतं, कारण तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या स्वतःच्या माहेरात आता कुणी नाही. तिचा शेवटचा भाऊ जाऊन कितीतरी आखाज्या झाल्या, आणि एवढ्या वर्षांत ती दर आखाजीला दुसऱ्यांच्या लेकींसाठी मांडे करत राहिली.

आत देवापाशी वडिलांच्या नावाची नवी घागर कोरडीच ठेवलेली होती. पितरांची घागर घरच्या वारसानं भरायची असते. मी पाय धुतले, घागर भरली, वर आंबा ठेवला, हात जोडले. पूर्वी हे वडील करायचे आणि मी मागे उभी राहून फक्त बघायचे. आई मागे उभी राहून बघत होती.

"चाल आते," ती म्हणाली. "माले बी एक आखाजी माहेरले जाऊ दे."

मी तिची पिशवी उचलली, आणि तेव्हा मला रडू आलं. तिच्यासाठी आलं, आणि माझ्यासाठीही. घर माझं होतं, शेत माझं होतं, आई माझ्या वाट्याला आली होती. पण दारात बॅग ठेवून रस्त्याकडे बघत बसायचं, कुणीतरी धुळीनं माखलेलं येईल आणि 'चाल' म्हणेल, ते माझं संपलं होतं. ह्या जन्मात मला न्यायला आता कुणी येणार नव्हतं. आईनं माझे डोळे पाहिले. घराला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली.

मी गाडी सुरू केली. काकू तिच्या ओट्यावर उभी राहून बघत होती. आईनं काच खाली करायला सांगितली, पदर नीट केला आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी माहेरले जाई ऱ्हायनी. मन्ही आंडेर लेवाले उनी."