दामूदादाचा दांडा आणि आंब्याची खुंटी

म्हादू ठाण्याला माझ्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मुलं पाढे म्हणत होती. माझा चुलतभाऊ दामूदादा याचं खडवलीला भात सडायचं यंत्र होतं, त्यावर म्हादू बैल हाकायचा. बैल दुसऱ्याच्या हवाली करून गावाबाहेर पडणं त्याच्या जिवावर यायचं, ठाण्याला तर तो कधीच आला नव्हता. त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं होतं. ते पाहिल्यावर काही विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं, "कवा रे?"

"पहाटं," तो म्हणाला. "दादांना ताप व्हताच. काल सांजंला पेजपण घेतली न्हाय... वहिनी बोलली, मास्तरांना घेऊन ये."

आगगाडीने आम्ही कल्याण ओलांडून खडवलीला पोचलो. सगळे आमच्यासाठी थांबले होते. नदीकाठी अग्नी दिला आणि परत येताना मी नकळत यंत्राच्या पडवीकडे वळलो. दादा घरी नसला तर तिथे असायचा, इतकी वर्षांची पायांची सवय. पडवीत कुणी नव्हतं.

गेलेल्या माणसाविषयी गोडच बोलावं असा रिवाज आहे. पण दामूदादा हट्टी होता, हे सांगितल्याशिवाय त्याच्याविषयी काहीच सांगता येणार नाही. आमचं घर शेतकऱ्याचं. मी चार बुकं शिकलो आणि ठाण्याला मास्तर झालो, तो जमिनीवर राहिला, पण यंत्राचं वेड त्याला लागलं, मला नाही. मुंबईहून त्याने भात सडायचं यंत्र आणलं तेव्हा सारा गाव बघायला लोटला होता. आवारात एक मोठं लोखंडी चक्र, त्याला बैलांची जोडी जुंपायची. चक्रापासून पडवीतल्या यंत्रापर्यंत जमिनीलगत एक लांब दांडा गेलेला. बैल गोल फिरले की चक्र फिरायचं, चक्राने दांडा गरागरा फिरायचा आणि दांड्याने यंत्र. बैलांना प्रत्येक फेऱ्यात तो दांडा ओलांडावा लागे, म्हणून त्याच्यावर फळ्यांचं झाकण घातलेलं असे. साऱ्या खटाटोपाचा जीव त्या दांड्यात होता.

यंत्राबरोबर दांडा आला नव्हता, म्हणून दादाने सुताराकडून सागाचा करून घेतला. तो मोडला. मग खैराचा केला, तोही ऐन सुगीत पिळून फाटला. आयाबाया भाताच्या पाट्या घेऊन बसलेल्या आणि दादा मोडक्या लाकडाजवळ उभा. एक म्हातारी पाटी उचलताना म्हणाली, "दामू, तुझ्या यंत्रापरीस माझी सून बरी. मुसळ तरी मोडत न्हाय." सगळ्या हसल्या. दादाही हसला, पण ते हसणं मला ठाऊक होतं. आता हा गप्प बसणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

लोखंडी दांडा निवडायला तो मला कल्याणच्या बंदरावर घेऊन गेला. तिथे एका बोहरी व्यापाऱ्याची जुन्या लोखंडाची वखार होती. माझं काम दर ठरवताना मध्ये मध्ये खाकरायचं, एवढंच. दादा एकेक दांडा दोराने टांगायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा आणि कान लावायचा. बद्द आवाज आला की आत चीर आहे म्हणून बाजूला. मग उरलेले फरशीवर लोटून बघायचा, वाकडा असेल तो लंगडत जायचा. शेवटी दोन उरले. एक बेताचा, एक मनगटाएवढा जाड. व्यापारी प्रामाणिकपणे म्हणाला, "शेठ, दो बैल के लिए इतना मोटा काहे को?" दादा म्हणाला, "परत मोडायला नको." आणि जाडच घेतला. घरी नेताना तो गाडीत बसला नाही, दांड्यावर हात ठेवून गाडीबरोबर चालत राहिला. नवी सून घरी आणावी तसा.

भागीवहिनी, म्हणजे दादाची बायको, दारात उभी होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे यंत्राचा निम्मा कारभार तिच्याकडेच होता. भात ओतणं, तांदूळ पाखडणं, बायकांची भांडणं मिटवणं, सगळं ती बघायची. दांड्याकडे बघून तिने एवढंच विचारलं, "ह्यो न्हाय ना मोडणार?" दादा म्हणाला, "सात पिढ्या न्हाय मोडणार." आणि खरोखरच तो मोडला नाही.

पुढच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. कोयते, नांगर पुजून झाले. मग दांड्याचीही पूजा करायची म्हणून त्याच्यावरच्या फळ्या काढल्या. वहिनीने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ सबंध दांड्याला गुंडाळली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्र थोडं फिरवायचं ठरलं. कुणीतरी म्हणालं, बैल ओलांडतात तिथल्या तेवढ्या फळ्या घाला, बाकीच्या आत्ताच नका घालू, माळेसकट फिरताना बघू या. देवाला झाकून कसं ठेवायचं, असा सगळ्यांचाच भाव होता. माझाही होता... म्हादूने बैल हाकले. झेंडूची माळ गरगर फिरायला लागली, पाकळ्या उडाल्या, लोक जय म्हणाले. दांड्यापुढे फोडलेल्या नारळाची एक वाटी घरंगळली ती उचलायला वहिनी वाकली. तिचा पदर माळेत गेला, माळेबरोबर दांडा जोडणाऱ्या सांध्याच्या खिळ्यात अडकला आणि पदरामागे हात.

म्हादू ओरडून बैल अडवत होता, पण चालती जोडी जागच्या जागी थांबत नाही. लाकडाचा दांडा असता तर तो पहिल्याच हिसक्याला मोडला असता. हा मोडला नाही.

ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा उजवा हात कोपराच्या खाली काढला. ती वाचली, हे त्यांचे उपकार. दादा बाहेर ओट्यावर बसून होता. मी पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही. "मी मजबुती बघितली, मास्तर," तो म्हणाला. "थांबंल कसा, ते बघितलंच न्हाय." खोटं बोलून समाधान करावं, असा तो माणूस नव्हता.

वहिनीला घरी आणलं, त्याच आठवड्यात त्याने चक्र, दांडा, यंत्र सगळं मोडीत काढायचं ठरवलं. व्यापारी बघायला आला. सौदा ठरणार तेवढ्यात वहिनी पडवीत आली. चेहरा पांढराफटक, खांबाला टेकून ती म्हणाली, "इकाल तर माझा हात फुकट गेला."

दादाने व्यापाऱ्याला थांबायची खूण केली.

"लाकडाचा व्हता तवा मोडायचा," ती म्हणाली. "मोडला असता तर हात ऱ्हायला असता. आता मोडंल असा करा. मंग चालवा."

त्या एका वाक्यात दादाची पुढची सगळी वर्षं गेली. दांडा लोखंडीच ठेवायचा, पण चक्राकडच्या सांध्यात लोखंडी खिळ्याऐवजी लाकडाची खुंटी बसवायची, असं त्याने ठरवलं. रोजच्या कामाला ती टिकली पाहिजे, आणि काही अडकलं की मोडली पाहिजे. ती मोडली की बैल मोकळे फिरतील आणि दांडा थांबेल. सांगायला सोपं आहे. पण कुठलं लाकूड, केवढं जाड, किती वाळलेलं? पांगाऱ्याची खुंटी नुसत्या भाताच्या भारानेच जायची. बाभळीची जाईचना. मोडते की नाही हे पारखायची त्याची रीत बघून गावाला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. तो केळीचा सोट तोडून आणायचा, हाताएवढा कापायचा, वहिनीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याला बांधायचा आणि फिरत्या दांड्यात सोडायचा. सोट चिरडला की ती खुंटी फेकून द्यायची. आवारात चिरडलेल्या केळीचा ढीग साचला होता. मी एकदा गेलो तेव्हा तो बघून मला जेवण गेलं नाही. "बंद कर हे," मी चिडून म्हणालो. तो म्हणाला, "पुढची खुंटी आंब्याची हाय, बघून जा." ती आंब्याची खुंटी कट्कन मोडली, दांडा थांबला. सोट बाहेर काढला तर त्याला लुगड्याचा वळ तेवढा उठला होता. दादा तो सोट मांडीवर घेऊन बसला आणि रडला. हात गेला त्या दिवशीसुद्धा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मग यंत्रवाले त्याच्याकडे यायला लागले. उसाचे चरक, कडबा कापायची यंत्रं, पाण्याचे रहाट, सगळ्यांना दांडा हवा, आणि दांड्याची पारख दामूदादाला. विठ्ठलवाडीकडून लोक यायचे, शिळेकडून यायचे. तो बैल किती आणि काम कसलं हे नंतर विचारायचा. आधी विचारायचा, "यंत्राजवळ घरातलं कोण कोण वावरतं?" झाकण आणि खुंटी कबूल करील त्यालाच तो दांडा निवडून द्यायचा. खुंटीचाही पुरता भरवसा धरू नका, फळ्या काढून यंत्र फिरवू नका, हे दहादा बजावायचा. एकदा शिळेचे एक बडे जमीनदार आले होते. ते म्हणाले, "मोडकी वस्तू मी घरात ठेवत नाही. मला न मोडणारा दे." वहिनी आतून तांब्या घेऊन आली, डाव्या हाताने, आणि त्यांच्यासमोर ठेवला. उजवा थोटा हात तिने पदराखाली घेतला नाही. ते पाणी न पिताच म्हणाले, "बरं. खुंटीवाला दे." मला ते रुचलं नाही. नंतर मी वहिनीला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "भावजी, त्यांच्या घरात पण सुना असतील."

दादाने स्वतःला माफ केलं का, असं मला लोक विचारतात. नाही केलं. वहिनीने त्याला पहिल्याच दिवशी माफ केलं होतं, हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने त्याचा आधार कधी घेतला नाही. मला तो त्यामुळेच मोठा वाटतो. त्याच्याशी मी आयुष्यभर भांडलो, आता भांडायला कुणी नाही, आणि त्याचं दुःख मला वाटलं होतं त्यापेक्षा फार मोठं आहे.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने यंत्र सुरू करायला सांगितलं. बायका पाट्या घेऊन आल्या होत्या. म्हादूने जोडी जुंपली, फळ्या नीट बसल्यात का ते पाहिलं, सांध्यात नवी खुंटी ठोकली. वहिनी बाहेर आली आणि चक्राजवळ उभी राहिली. तिचा पदर सुटा होता, त्याचं टोक तिने डाव्या हातात पुढे धरलं होतं.

एका हाताने कमरेला गाठ बसत नाही. म्हणून इतकी वर्षं रोज सकाळी, बैल हाकण्याआधी, दादा साऱ्या आवारादेखत तिचा पदर कमरेला गुंडाळून गाठ मारून द्यायचा. नवऱ्याने चारचौघांत बायकोच्या पदराला हात लावावा, याची पहिल्यांदा कुजबुज झाली होती. पुढे पुढे ती गाठ पडल्याशिवाय म्हादू बैलांना हाक देईनासा झाला.

तशीच ती उभी होती, पदर पुढे धरून. तिच्या ध्यानात आलं तेव्हा हात थोडा खाली आला. एक बाई पुढे सरली, वहिनीने मानेने तिला नको म्हटलं. मग पदर कमरेभोवती घेऊन त्याचं टोक तिने दातांत धरलं आणि डाव्या हाताने ओढत राहिली. गाठ दोनदा सुटली. म्हादू चाबूक खाली धरून जमिनीकडे बघत उभा होता. तिसऱ्यांदा गाठ बसली, तिने ती ओढून पाहिली.

"हाक आता," ती म्हणाली.