पास्कूचा पावडरचा डबा

पास्कू गेल्याचं मला घाटकोपरच्या भाजी मार्केटात एका हमालाकडून कळलं. मरोळला पोचलो तोवर माती देऊन झाली होती. कावीळ त्यानं अंगावर काढली. तो आजारी असल्याचा निरोप मला कुणी दिला नाही, आणि निरोप आला असता तर मी गेलो असतो का… महिना झाला, अजून सांगता येत नाही. आमचं बोलणं बंद होतं आणि त्याला कारण तोच होता. तो गेला म्हणून हे मी बदलून लिहिणार नाही.

हातगाडीपासून सुरुवात करून मी एक जुना डिझेल ट्रक घेतला. पास्कूचं गॅरेज मरोळ गावठाणात, चर्चच्या मागे. त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस केल्याशिवाय मला करमायचं नाही. "सदा, तू यमाशीपण भाव करशील रे," तो म्हणायचा.

तेल गळायला लागलं की बाकीचे मेकॅनिक खाली झोपून थेंब दिसेल तिथलं सील बदलत. पास्कू इंजिन रॉकेलनं धुवायचा, कोरडं पुसायचा आणि झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायचा. मग इंजिन चालू करून स्टुलावर बसायचा. तेल वर कुठंतरी निघतं, ओघळत खाली येतं. पांढऱ्यावर पहिला काळा डाग उठेल ती खरी जागा. तोवर कुणी बोलायचं नाही, हा त्याचा नियम. मी दर वेळी मोडायचो.

पुढे मी ट्रक विकायला काढला. इंजिन धुऊन रुपेरी रंग मारला. बोरीवलीचं एक गिऱ्हाईक आलं, त्याला नाशिकहून भाजी आणायची होती. पास्कूच्या गॅरेजातच सौदा ठरत आला होता. जाता जाता गिऱ्हाइकानं विचारलं, "मिस्त्री, तेल गळत नाही ना?" मी पास्कूला डोळा मारला.

"बघून सांगतो," म्हणत त्यानं डबा उचलला.

"अरे, कालच तर बघितलंस ना!"

"काल रंग नव्हता."

इंजिनाच्या मागच्या अंगाला, अगदी वरून, काळी रेघ उतरली. त्यानं तेल भरायचं झाकण काढलं तर आतून धुराचे भपकारे. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "आतला दाब तेल बाहेर ढकलतो, सील कितीही बदला, गळणार. भरलेली गाडी घाटात चढवू नका." गिऱ्हाईक निघून गेलं.

"मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?" मी ओरडलो.

"त्यानं मला विचारलं, सदा. तू नाही विचारलंस."

तेव्हापासून मी मरोळची वाट सोडली. तो खोटं बोलला नाही, मान्य. पण दोस्ताला परक्यासमोर उघडं पाडायचं? यावर मला त्याच्याशी कडकडून भांडायचं होतं. त्यानं यावं, मग भांडीन, म्हणून थांबलो… तो आला नाही.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पास्कूची बायको, मोनिकावहिनी, गॅरेज रिकामं करत होत्या. "सदाभाऊ, ट्रकचं इंजिन उघडलंत का? हे शेवटी शेवटी तेच विचारायचे. मी म्हटलं, जाऊन विचारा ना. तर म्हणाले, येईल तो, भांडायला तरी येईल."

मी फळीवरचा डबा मागून घेतला.

ट्रक अजून माझ्याकडेच आहे, जवळपासच्या फेऱ्या मारतो, गळतो. रविवारी इंजिन धुतलं, पुसलं, पावडर टाकली, चालू केलं आणि स्टूल ओढून बसलो. डाग कुठं उठणार ते ठाऊक होतं. भांडण मनात तयार होतं, शब्द न् शब्द… पण एकही बोललो नाही. पावडर टाकल्यावर बोलायचं नाही.