दोन कुंच्या

घट बसायच्या आधी आमचं फडताळ रिकामं व्हायचं. घरातली चिंधीन् चिंधी ओढ्यावर धुवायची, उन्हात वाळवायची आणि मगच पुन्हा आत ठेवायची, अशी रीत. निजामाचं राज्य बीडच्या कचेरीत असेल. भिंतीतल्या त्या फडताळावर हुकूम चाले तो आमच्या विधवा आत्याचा. वर्षभर जे अंगाला लागलं नाही ते वाकळेत, हा तिचा कायदा. वडिलांची कचेरीत जायची शेरवानीसुद्धा एकदा तिच्या कात्रीतून थोडक्यात वाचली.

माय एकेक वस्तू हळूच मागं ओढायची. "वन्सं, ऱ्हाऊ द्या की."

"कावून? फडताळ हाय का उकिरडा?"

मी आठेक वर्षांची होते. मला हे भांडण फार आवडे, कारण त्या गडबडीत लुगड्यांचे सुटे काठ बाहुलीसाठी पळवता येत.

एका वर्षी माय तापानं पडली. आत्यानं एकटीनंच सगळं धुऊन, घड्या घालून लावलं आणि मायला उठवून दाखवायला नेलं. फडताळ खरंच देखणं दिसत होतं. मधल्या फळीवर लहान बाळाच्या दोन कुंच्या होत्या, एकाच हिरव्या खणाच्या. मायनं त्या दोन्ही उचलल्या.

"वन्सं, या दोन गाठोड्यांत हुत्या."

"येवढ्याशा कुंच्यांना दोन गाठोडी? येकात घातल्या."

एक कुंची माझी होती. दुसरी माझ्या आधीच्या भावाची, जो रांगायच्या आतच गेला. मला भाऊ होता, हे मला तिथं कळलं. गेलेल्या लेकराचं कापड घरात ठेवत नाहीत, म्हणून मायनं ते सगळ्यांपासून लपवलं होतं. आत्या तेव्हा सासरी होती. मायनं दोन्ही कुंच्या नाकाला लावल्या. दोन्हींना रिठ्याचाच वास, कुठली कुणाची ते कळेना.

त्याच दुपारी शेजारीण आली. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, तिसरं नुकतं झालेलं. जगलेल्या लेकराची कुंची मागून घातली की बाळ तगतं, असं सगळे मानत.

"अक्का, तुमच्या पोरीची कुंची द्या. लई आशेनं आले."

मायनं कुंच्या उलटसुलट करून बघितल्या. नको तीच हाती गेली तर? आणि नाही म्हणावं तर त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. 

मग मायनं मला जवळ ओढलं, अंगावरचा माझा आवडता जांभळा परकर उतरवला आणि सरळ कात्री चालवली. मी भोकाड पसरलं.

"रडू दे," माय म्हणाली, "जित्या लेकराचं कापड हाय."

दिवस मावळायच्या आत तिनं कुंची शिवून दिली. ते पोर जगलं, आणि पुढं आमच्या चिंचेवर दगड मारण्यात पहिलं असायचं. गावानं श्रेय माझ्या परकराला दिलं. मला मात्र त्या परकराचं अजून वाईट वाटतं.

शेजारीण गेल्यावर आत्यानं दोन फडकी आणली, कुंच्या वेगळ्या बांधायला. मायनं एकच घेतलं.

"त्याची कुंची मी आजवर उघडून बघितली न्हाई, वन्सं. हात धजत न्हवता. आता पोरीची म्हनून कोनतीबी हातात घेता येती."