जीप वळली नाही आणि नाना बोलले नाहीत

माझ्या साडूच्या जीपला चार चाकं होती आणि ती चारही गाडी ओढायची, एवढ्या एका कारणावरून मी दोन हिवाळे त्या माणसाचा द्वेष केला.

माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वसंतराव म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईंचे यजमान. साठ सालानंतरची ही गोष्ट. ते जर्मनीत स्टुटगार्टला गिअरच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि फौजेने मोडीत काढलेली एक हिरवी जीप त्यांनी स्वतः उघडून, पुसून, पुन्हा जोडून रस्त्यावर आणली होती. तिच्या टायरांची नक्षी बोटभर खोल होती. माझ्या बुटांच्या तळव्यांना नक्षी होती की नाही, हे आता आठवणारं कोणी उरलं नव्हतं. बर्फ पडला की मी तिथल्या चढांवरून दोन पावलं पुढे आणि एक मागे असा ट्रामपर्यंत जायचो. शेजारून वसंतराव काच खाली करून विचारायचे, "येताय का, माधवराव?"

"नको. मला चालायला आवडतं." (एकदा आडवा पडलेल्या अवस्थेतही मी हेच म्हणालो.)

शिवाय त्यांची बायको त्यांच्याजवळ होती. माझी, सुधा, पुण्यात होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले पाच आठवडे आम्ही एका गावात काढले होते.

मी तिथे डॉक्टरेट करत होतो, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात पत्रकं काढत होतो. परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या मिळाव्यात म्हणून आमची एक समिती होती आणि तिची खटारा व्हॅन चालवायचं कामही माझ्याकडेच होतं. माझं सगळ्यांत गाजलेलं पत्रक (चाळीस प्रती) 'घरमालकिणींची हुकूमशाही'. त्यातला तिसरा मुद्दा केअरवोखेचा. केअरवोखे म्हणजे झाडायचा आठवडा: आपली पाळी आली की घरापुढचा फुटपाथ भाडेकरूने झाडायचा, बर्फ असेल तर उपसायचा, आणि मालकिणीने पडद्याआडून बघायचं. मी लिहिलं होतं, 'भाडेकरू म्हणजे वेठबिगार नव्हे. फावडं खाली ठेवा!' ठळक अक्षरांत.

त्या हिवाळ्यात आमचे सासरे, नाना, बोटीने आले. तिकीट वसंतरावांनी पाठवलेलं. (अर्थातच.) नाना सरकारी बसच्या खात्यातून निवृत्त झाले होते. खात्यात ते नेमकं काय करत, हे मी कधी विचारलं नव्हतं. सरकारी खात्यातली माणसं सह्या करतात, असा माझा समज होता. बोलणं अगदी मोजकं. मला 'जावईबापू' म्हणायचे आणि मी खोलीत शिरलो की खुर्चीतून अर्धे उठायचे. सरंजामशाहीविरुद्ध माझ्याजवळ एक भाषण तयार असायचं, पण त्या अर्ध्या उठण्याने मला फार बरं वाटायचं, हेही खरं.

नाना मुलीची खुशाली बघायला आले होते आणि दुसऱ्या मुलीचं ठरवायला. "जावईबापूंचं बस्तान बघतो," ते म्हणाले, "आणि मग सुधाला धाडायचं की डॉक्टरेट होईपर्यंत ठेवून घ्यायचं, ते ठरवू."

माझं बस्तान म्हणजे एक खोली, एक पलंग आणि पलंगावर सायक्लोस्टाइलचं मशीन. डॉक्टरेटचं म्हणाल तर मलाच आशा नव्हती. सगळी भिस्त फ्राउ एबर्ले नावाच्या विधवा बाईवर होती. टेकडीवर तिचं घर आणि वरच्या दोन खोल्या रिकाम्या. रविवारी चारला तिने बघायला बोलावलं होतं. 'प्युंक्टलिश' म्हणाली, म्हणजे चार म्हणजे चार. (माझं पत्रक तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. वाटपातल्या ढिलाईबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा समाधान मानलं.)

तर त्याच रविवारी सकाळी वसंतराव म्हणाले, "नानांना बर्फ दाखवू. आल्बच्या पठारावर जाऊ, येताना तुमच्या खोल्या बघू."

माझ्या खोल्या, त्यांच्या जीपमधून. मी दातओठ आवळून हो म्हणालो.

नाना पुढे, वसंतरावांशेजारी. मानाची जागा. मी आणि कुसुमताई मागे, मधे चहाचा थर्मास. वर बर्फ गुडघाभर होता आणि वसंतराव जीपचं कौतुक करत होते, म्हणजे स्वतःचंच, पण पुराव्यांसह.

"वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी," ते सांगत होते. "म्हणून मधे डिफरन्शियल. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं."

"बरं आहे," मी म्हणालो.

"पण बर्फात पंचाईत. एक चाक घसरायला लागलं की सगळं फिरणं त्यालाच. ज्याच्या खाली घट्ट जमीन आहे ते आपलं उभं."

"म्हणजे जे फुकट गरगरतंय त्याला सगळं, आणि जे काम करू शकतं त्याला काहीच नाही?"

"आल्झो... म्हणजे, ढोबळमानाने, हो."

"आणि हे तुमच्या कारखान्यात बनवतात? राजरोस?"

"माधवराव, तो गिअर आहे," कुसुमताई म्हणाल्या, "जमीनदार नाही."

एवढ्यात जीप एका घळीत रुतली. एक चाक हवेत गरगरू लागलं, तीन स्वस्थ. मला इतका आनंद झाला की मी थर्मासमधला चहा कोणालाही न विचारता ओतून घेतला. वसंतराव शांतपणे म्हणाले, "आता बघा," आणि त्यांनी दोन लहान दांडे ओढले. "पुढचं लॉक, मागचं लॉक. आता चारही चाकं एकमेकांना बांधली." जीप हळूच चालत वर आली, जशी म्हैस पाण्यातून येते.

"वा," नाना म्हणाले.

तीन आठवड्यांत हा त्यांचा पहिला 'वा' होता. माझ्या पत्रकावर (मी वाचून दाखवलं होतं) ते 'हं' म्हणाले होते. 'हं' आणि 'वा' यांतलं अंतर मला त्या क्षणी पुणे-स्टुटगार्ट अंतराएवढं वाटलं, आणि सुधा त्याच्या पलीकडच्या टोकाला बसली होती.

"परतीला मी चालवतो," मी म्हणालो.

"अहो, कशाला?" कुसुमताई म्हणाल्या. "व्हॅन वेगळी, ही वेगळी."

"मला जमतं, ताई."

वसंतरावांनी किल्ली दिली. तसे ते दिलदार, तोही एक जाच. "फक्त एक सांगतो, खाली रस्ता मोकळा असेल तर..."

"वसंतराव, मी चालवत असताना कोणी एक शब्द बोलायचा नाही. मागच्या सीटवरून हुकूम सोडायची पद्धत मला मान्य नाही."

"बरं," ते म्हणाले आणि मागे जाऊन बसले.

पठारावर मी राजासारखी गाडी हाकली. चारही चाकं समान, चौघांना समान काम. हीच तर माझी भूमिका होती! तीस किलोमीटर मी बर्फातून गेलो आणि मधूनमधून नानांकडे बघत होतो. ते दांड्यांकडे बघत होते. मला वाटलं, माझ्या हाताकडे बघताहेत.

खाली शहरात रस्ते खरवडून साफ केलेले. ओलं, काळं डांबर. स्टिअरिंग एकदम जड झालं. वळणावर टायर किंचाळले.

"जुनी गाडी," मी म्हणालो. "फौजेची. अडेल."

नानांनी समोरची मूठ धरली. पुढच्या वळणावर जीप वळली, पण तिला पटलं नव्हतं. आम्ही समोरच्या दिव्याच्या खांबाची विचारपूस करून परत आलो. वसंतराव खोकले.

"खोकला हाही शब्दच," मी म्हणालो.

"अहो, पण..." कुसुमताई.

"ताई, ठरलंय ना?"

नाना खिडकीबाहेर बघू लागले. तोंडावर असा भाव, जसा पंगतीत आमटी खारट झाल्यावर व्याह्यांच्या तोंडावर येतो.

चारला दोन मिनिटं कमी होती. फ्राउ एबर्लेची गल्ली उताराची आणि टोकाला काटकोनात वळणारी. वळणावरच तिचं घर. पांढरं लाकडी कुंपण. कुंपणापुढे तिने स्वतः उपसलेला बर्फ, वडीसारख्या कडा कापून रचलेला. आणि त्याच्या बाजूला ती, हातात खराटा, घड्याळाकडे बघत, नव्या भाडेकरूची वाट पाहत.

मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. पुढची चाकंही डावीकडे वळली, हे मी शपथेवर सांगतो. जीप सरळ गेली.

बर्फाची वडी गेली. कुंपण गेलं. फ्राउ एबर्ले वेळेवर बाजूला झाली, त्यातही ती प्युंक्टलिश. जीप तिच्या कोबीच्या वाफ्यात उभी राहिली आणि चारही चाकं एकजुटीने बंद पडली.

चर्चच्या घड्याळात चार वाजले.

"ग्रुस गॉट," मी खिडकीतून नमस्कार केला. "मी खोल्यांसाठी आलोय."

ती काय म्हणाली ते तिथल्या श्वाबिश बोलीत होतं आणि सगळं कळलं.

नानांनी मूठ सोडली. "लॉक काढायचे राहिले," ते हळूच म्हणाले. "बर्फ संपला की काढायचे. नाहीतर आतलं चाक बाहेरच्याला वळू देत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अठ्ठावीस वर्षं वर्कशॉपात फोरमन होतो. डिफरन्शियलच उघडत होतो."

"मग वर, पठारावर, कळलं होतं?"

"हो. दोन्ही दांडे ओढलेले दिसत होते."

"मग बोलला का नाहीत, नाना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की जेवताना पाट का मांडता. "जावयाला कसं सांगायचं?"

मागून वसंतराव म्हणाले, "मला तर बंदीच होती."

पुढचा तासभर मी उभा होतो. नानांनी कोट काढला, जीपमधली हत्यारं काढली आणि वसंतरावांना हाताशी घेऊन कुंपणाच्या पट्ट्या एकेक करून बसवल्या. भाषा येत नसल्यामुळे फ्राउ एबर्लेशी त्यांचं उत्तम जमलं. ती बोट दाखवायची, ते ठोकायचे. शेवटी तिने कुंपण हलवून पाहिलं. हललं नाही. ती आत गेली आणि केक घेऊन बाहेर आली. नानांसाठी.

मग माझ्याकडे वळली. खोल्या मिळतील. अट एक. हिवाळाभर केअरवोखे फक्त माझं, सगळ्या भाडेकरूंच्या वाटणीचं, दर आठवड्याला.

मी तोंड उघडलं. तिसरा मुद्दा ओठांवर होता. नाना केकचा घास घेता घेता माझ्याकडे बघत होते.

"गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे अगदी बरोबर.

परत जाताना (वसंतराव चालवत होते) नाना म्हणाले, "सुधाला पाठवतो."

माझा विश्वास बसेना. "हे सगळं बघून?"

"हे बघूनच. तुम्हाला वेळेवर 'लॉक काढा' म्हणणारं माणूस घरात हवं. आम्हाला ते शोभत नाही. तिला शोभेल."

सुधा आली त्याच्या आदल्या रात्रीपासून बर्फ पडत होता. सकाळी आठच्या आत फुटपाथ मोकळा हवा म्हणून मी स्टेशनवर जाऊ शकलो नाही. मी कमरेत वाकलेलो असताना चढावरून ती हिरवी जीप आली, आणि पुढच्या मानाच्या जागेवर, शाल पांघरून, कोरडी ठणठणीत, माझी बायको.

"अय्या," ती उतरून म्हणाली. "नानांनी आईला लिहिलं होतं, जावईबापूंनी तिकडे रस्त्याचं काम अंगावर घेतलंय. आम्हाला वाटलं, तुम्हाला काँट्रॅक्ट मिळालं."

वसंतरावांनी काच खाली केली. "हात देऊ का, माधवराव?"

"नको," मी म्हणालो. "मला उपसायला आवडतं."